वाडीवरची दहावीची अभ्यासिका: ऑगस्ट 2024 ते जून 2025 च्या नोंदी

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची वाडी आहे. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला कोयते घेऊन साखर कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. दहावीची परीक्षा नेमकी त्याच हंगामात येते. मागे राहतात म्हातारी माणसं, जनावरं आणि शाळेतली लेकरं. यंदा दहावीला अकरा जण आहेत. मी बी.एस्सी. केलंय, सासर इथलंच, संध्याकाळचे दोन तास देता येतात. शिकवणी घ्यायची नाही. शाळेत शिकवलेलं डोक्यात टिकेल असा अभ्यास बसवून करून घ्यायचा, एवढंच ठरवलं. दुसऱ्या गावात कुणाला हेच करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये, म्हणून या नोंदी. मुलांची नावं लिहिलेली नाहीत.

5 ऑगस्ट 2024

समाजमंदिर मिळालं. किल्ली ग्रामपंचायतीने दिली, विजेचं बिलही तेच भरणार. आत एकच पिवळा दिवा होता, त्यात बारीक अक्षर लागत नव्हतं. दोन एलईडी ट्यूब 440 रुपये, तीन चटया 540, भिंतीवरचं घड्याळ 250, लाइट गेल्यावर चालणारे चार्जिंगचे दोन बल्ब 700. एकूण 1,930. साडेसातच्या सुमाराला लाइट हमखास जाते, त्यामुळे पैसे कमी असतील तर आधी बल्ब घ्या, चटया नंतर. पोरं पोतं अंथरूनही बसतात.

वेळ 7 ते 9. आज काहीच सांगितलं नाही. "घरी जसा करता तसा अभ्यास करा," एवढंच म्हटलं. अकराही जणांनी पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दहा मिनिटांत कुणाला स्वतःचाच आवाज ऐकू येईना.

8 ऑगस्ट

शाळेत गुरुत्वाकर्षणाचा धडा नुकताच झालाय. तो तीनदा वाचायला लावला, पुस्तकं मिटवली आणि केप्लरचे तीन नियम लिहायला सांगितले. दोघींना तिन्ही आले. बाकीच्यांच्या कागदावर ‘ग्रह सूर्याभोवती फिरतात’ याच्या पुढे फारसं काही नव्हतं. ज्यांच्या तोंडी सगळा धडा होता त्यांचीही हीच गत. एक जण म्हणाला, "ताई, वाचताना तर समदं येत होतं." या वर्षीचं काम तिथेच आहे: वाचताना येतंय असं वाटणं आणि पुस्तक मिटल्यावर हातात काही उरणं, यातलं अंतर कमी करायचं.

12 ऑगस्ट

तासावार वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. पहाटे 5 ते 7 गणित, संध्याकाळी 6 ते 7 विज्ञान वगैरे. आठवडाभरात एकानेही पाळलं नाही, आणि त्यात त्यांचा आळस नव्हता. पाणी कधी येईल ते ठरलेलं नसतं, ते आलं की घागरी भरायच्या. शेळ्या सुटल्या की मागे जायचं. दोघी मुली स्वतः भाकरी थापतात. घड्याळावर बेतलेला अभ्यास या घरांत उभाच राहत नाही.

वेळापत्रक काढून टाकलं. प्रत्येकाला काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते लिहायला सांगितलं. त्यातून दिसलं की रोज न चुकता होणारी कामं ठरलेली आहेत, त्यांची वेळ तेवढी हलते. मग अभ्यास वेळेऐवजी कामाला बांधला. शेळ्या बांधल्या की पंधरा मिनिटं, भाकरी झाल्यावर पंधरा मिनिटं. एवढंच घरी, बाकी सगळं समाजमंदिरात. हे मात्र टिकलं.

19 ऑगस्ट

पुस्तकांत पिवळ्या-गुलाबी खुणा करायचं वेड आलंय. शहरातल्या चुलतभावाचं पुस्तक पाहून एकाने सुरू केलं, मग सगळ्यांनी वर्गणी काढून पेनं आणली. इतिहासाच्या पहिल्या धड्यात एक पान असं सापडलं की त्यात न रंगवलेली ओळच नव्हती. रागावले नाही. ते पान मिटून त्यातले पाच मुद्दे विचारले, दोन आले. पेनं पेटीत ठेवली. रंगवायचंच असेल तर आधी पुस्तक मिटून लिहायचं, आणि जे आठवलं नाही तेवढंच रंगवायचं. अशाने पानावर चार-पाच ओळीच रंगतात, आणि त्याच पुन्हा बघायच्या असतात.

27 ऑगस्ट

चिठ्ठ्या सुरू केल्या. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून घेतली. गावात पत्रिकांना तोटा नाही, कागद जाड असतो, घामाच्या हातानेही टिकतो. समोर प्रश्न, मागे उत्तर. चपलांची तीन खोकी. नवी चिठ्ठी पहिल्या खोक्यात, ती रोज बघायची. उत्तर आलं की दुसऱ्या खोक्यात, ते तीन दिवसांनी. पुन्हा आलं की तिसऱ्या खोक्यात, ते दहा दिवसांनी. चुकली की कुठल्याही खोक्यातून सरळ पहिल्यात. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या लेखकाने 1970 च्या दशकात जर्मनीत मांडली. त्याची खोकी पाच असत. पाच खोक्यांचा हिशोब मुलांना ठेवता येईना, म्हणून तीनच ठेवली.

पहिल्या खेपेच्या चिठ्ठ्या सगळ्या वाया गेल्या. मुलांनी मागच्या बाजूला गाइडमधलं अख्खं उत्तर उतरवलं होतं, आठ-आठ ओळी. ते आलं की नाही आलं हे कसं ठरवणार? अर्धं आलं तर चिठ्ठी पुढे की मागे, यावरच भांडणं झाली. आता एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. ‘केप्लरचे नियम’ ही चिठ्ठी नाही, तिच्या तीन चिठ्ठ्या होतात. ‘धातूंचे गुणधर्म’ ही चिठ्ठी नाही, ‘सोडियम केरोसीनमध्ये का ठेवतात?’ ही चिठ्ठी. दोन संध्याकाळी फक्त कापाकापी आणि पुन्हा लिहिण्यात गेल्या.

9 सप्टेंबर

परवा गणपती बसले, समाजमंदिर मंडळाकडे गेलं. अनंत चतुर्दशी 17 तारखेला, तोवर जागा नाही. एका घराच्या ओसरीत बसतोय. उजेड कमी, स्पीकर समोरच. लिखाणाचा नाद सोडला, फक्त चिठ्ठ्या घेतोय.

ओसरीत जवळजवळ बसल्यामुळे एक गोष्ट नजरेला पडली. मुलं चिठ्ठी बघतात, मनात "येतंय की" म्हणतात, उलटून उत्तर वाचतात आणि पुढच्या खोक्यात टाकतात. म्हणजे पुन्हा वाचनच झालं. त्याच रात्री नियम केला की चिठ्ठी जोडीदाराच्या हातात राहील. तोंडाने पूर्ण उत्तर आल्याशिवाय ती उलटायची नाही. पहिल्या दिवशी तिसऱ्या खोक्यातल्या निम्म्याच्या वर चिठ्ठ्या परत पहिल्यात आल्या. पोरांची तोंडं उतरली. खोकी मात्र खरी झाली.

24 सप्टेंबर

कुरकुर वाढली. शेळ्या सांभाळणारा मुलगा म्हणतो, "चिठ्ठ्यांनी लई वेळ जातो ताई, वाचून पटकन होतं." त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याच रात्री विचारलं तर वाचणाराच पुढे असतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांवर हेच पाहिलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे सरस ठरले. बोलून त्याला पटलं नाही, म्हणून करून पाहिलं. भूगोलाचे दोन सारखे भाग घेतले. एक त्याच्या पद्धतीने, एक चिठ्ठ्यांनी. पुढच्या मंगळवारी न सांगता दोन्ही विचारेन.

1 ऑक्टोबर

विचारलं. त्याने वाचलेल्या भागातून तीन मुद्दे लिहिले, चिठ्ठ्यांच्या भागातून नऊ. तो काही बोलला नाही, पण आज खोकी त्याने स्वतःहून मांडली. कुणी हट्टाला पेटलं तर वाद घालण्यापेक्षा हा आठवडा खर्च करा.

7 ऑक्टोबर

मोबाइलचं. चार घरांत स्मार्टफोन आहे, त्यावर गणिताचे व्हिडिओ बघतात. सर छान समजावतात, मुलं मान डोलावतात. व्हिडिओ संपल्यावर तेच गणित आकडे बदलून दिलं तर पहिली ओळ लिहिता येत नाही. बंदी घातली नाही, कारण शाळेत बुडालेला भाग भरून काढायला दुसरा मार्ग नाही. व्हिडिओ उत्तराच्या आधी थांबवायचा, वहीत पुढचं स्वतः करायचं, मग सुरू करायचा. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला यामुळे सव्वा तास लागतो. एरवी अभ्यासाच्या वेळेत फोन दाराजवळच्या टोपलीत, माझाही.

14 ऑक्टोबर

शनिवारी दसरा झाला. आज आईवडिलांची बैठक घेतली, आणि ती उशिराच झाली. उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, बहुतेकांनी आधीच घेतलीय, कोण जाणार, कोण राहणार हे घराघरांत ठरून गेलंय. लेकराला घरी ठेवा म्हणायची वेळ उचल घेण्याआधीची असते. एका मुलीला फडावर, म्हणजे ऊस तोडतात तिथे, न्यायचं ठरलंय. वडील आणि थोरला भाऊ मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आईच्या मांडीवर लहानगं, कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, स्वयंपाकाला आणि मूल सांभाळायला कुणीतरी हवं. आई म्हणाली, "मला काय हौस हाय का तिची शाळा बुडवायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षेआधी पाठवून देऊ, एवढा शब्द घेतला.

5 नोव्हेंबर

दिवाळीचे दिवस गेले. खोक्यांना कुणी हात लावला नाही. तिसऱ्या खोक्यातल्याही बऱ्याच चिठ्ठ्या चुकल्या, पण दोनदा बघताच परत आल्या. नुसतं वाचलेलं मात्र नव्याने करावं लागलं. सुट्टीचं ओझं देऊ नका, दिवसाला दहा चिठ्ठ्या रबर लावून हातात द्या, तेवढ्या होतात.

13 नोव्हेंबर

गणित. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलं एका प्रकरणाची गणितं एका दमात करत होती. वर्गसमीकरणाची वीस, मग अंकगणिती श्रेढीची वीस. वहीत सगळी बरोबर. मग मी चार प्रकरणांतली चार गणितं एका कागदावर दिली, वर प्रकरणाचं नाव लिहिलं नाही. अकरापैकी आठ जण पहिल्याच गणिताला अडले. सूत्र पाठ होतं, पण कुठलं लावायचं ते कळेना. आतापर्यंत ते काम प्रकरणाच्या शीर्षकाने केलं होतं.

आता रोज सुरुवातीची दहा मिनिटं गणित सोडवायचंच नाही. सहा गणितं वाचायची आणि प्रत्येकासमोर फक्त दोन गोष्टी लिहायच्या: कुठल्या प्रकरणातलं, आणि कशावरून. ‘दर वेळी तेवढंच वाढतंय, म्हणून श्रेढी.’ ‘दोन गोष्टी माहीत नाहीत आणि दोन अटी दिल्यात, म्हणून दोन चलांतील रेषीय समीकरणं.’ ‘कशावरून’ हा शब्द महत्त्वाचा. तो नसेल तर मुलं अंदाजाने ठोकतात.

श्रेढीतली एक चूक जवळून बघितली. गणित असं दिलं: कडब्याच्या गंजीत तळाच्या थरात 60 पेंढ्या, वरच्या प्रत्येक थरात 3 कमी, तर दहाव्या थरात किती? पाच जणांनी 30 लिहिलं. साठातून तीन दाहे तीस वजा केले. सूत्र विचारलं तर n वजा 1 सगळ्यांना पाठ. पण वापरताना दहावा थर म्हणजे दहा वेळा वजाबाकी, असंच मन सांगतं. फळ्यावर थर काढले. पहिल्या थरात किती वेळा वजा केलं? एकदाही नाही. दुसऱ्यात? एकदा. तिसऱ्यात? दोनदा. मग दहाव्यात? "नऊदा," तिघी एकदम म्हणाल्या. 60 वजा 27, उत्तर 33. त्यानंतर ही चूक त्या पाचांपैकी एकाचीच पुन्हा झाली.

अशा चुकांसाठी प्रत्येकाला वेगळी वही दिली, अकरा वह्या 275 रुपये. डाव्या पानावर चुकलेली पायरी जशीच्या तशी, उजव्या पानावर का चुकली ते एका ओळीत. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहायला मनाई आहे. त्याने काहीच दुरुस्त होत नाही. ‘चिन्ह बदलायचं राहिलं’, ‘n घेतला, n वजा 1 नाही’, असं लिहायचं.

23 नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान 20 तारखेला झालं. त्यासाठी थांबलेल्या टोळ्याही गेल्या. ती मुलगी कोल्हापूरकडच्या फडावर गेली. जाताना तिच्या चिठ्ठ्या खोक्यातून काढून प्लास्टिकच्या डब्यात भरून दिल्या, कोपीत ओल येते. दोन खणांचा डबा: येतात त्या एकीकडे, येत नाहीत त्या दुसरीकडे. रात्री जेवणं झाल्यावर वडिलांच्या फोनवरून ती मिस्ड कॉल देईल, मी उलट फोन करेन.

15 डिसेंबर

फोन रोज होत नाही. रेंज नसते, कधी गाडी भरायला रात्र होते आणि वडील फोन घेऊन फडात असतात. होतो तेव्हा पाच चिठ्ठ्या विचारते. ती भाकरी थापताना तव्याशेजारी चिठ्ठी ठेवते, असं तिनेच सांगितलं. विज्ञानाच्या तिच्या चिठ्ठ्या इथल्या बऱ्याच मुलांपेक्षा पक्क्या आहेत.

इकडे भूगोल. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी आहेत, आणि मुलं दोन्हींची सरमिसळ करतात. धडा वाचून हे सुटत नव्हतं. ब्राझीलच्या कोऱ्या नकाशाच्या झेरॉक्स काढल्या. रोज पुस्तक न उघडता विषुववृत्त आणि मकरवृत्त आखायचं, अमेझॉन काढायची, तिच्या मुखाशी माराजो बेट, मग पिको दी नेब्लिना, ब्राझीलिया, साओ पावलो. पहिल्या दिवशी ब्राझीलिया समुद्रकिनाऱ्यावर आणि मकरवृत्त अमेझॉनच्या खोऱ्यात होतं. चुकलेला नकाशा खाली, पुस्तकातला वर धरून बल्बसमोर न्यायचा, फरक लगेच दिसतो. आठ-दहा दिवसांत हात आपोआप चालायला लागले, आणि हवामानाची कारणंही सुटायला लागली. विषुववृत्त कुठून जातं ते डोळ्यांसमोर असलं की उत्तरेत पाऊस जास्त का, हे पाठ करावं लागत नाही.

29 डिसेंबर

विज्ञानातली ‘शास्त्रीय कारणे लिहा’ ही कच्ची बाजू. चिठ्ठीवर एका वाक्याचं उत्तर येतं, पण कारण उलगडून सांगता येत नाही. म्हणून रविवारी आठवी-नववीची मुलं बोलावली. दहावीच्या प्रत्येकाने एक कारण त्यांना समजावायचं, आणि समोरच्याने तीनदा "पण का?" विचारायचं. तलाव वरून गोठला तरी मासे का जगतात, हे सांगताना एक जण दुसऱ्या ‘का’ला अडकला. पाण्याची घनता 4 अंशांना सर्वांत जास्त असते, म्हणून ते पाणी तळाशी जातं, हा मधला दुवाच त्याच्याकडे नव्हता. पुस्तकात तो होता, चिठ्ठीवर आम्ही लिहिला नव्हता. चिठ्ठ्या एकेका गोष्टीच्या केल्या की हा धोका राहतो, मधले सांधे सुटतात. रविवारचं हे काम ऑगस्टपासून हवं होतं.

12 जानेवारी 2025

फडावरची मुलगी आजीकडे परत आली. आईने शब्द पाळला. डबा पूर्ण, एकही चिठ्ठी हरवलेली नाही. येणाऱ्यांचा खण भरलेला.

21 जानेवारी

शाळेची पूर्वपरीक्षा चालू आहे. तीन गोष्टी समोर आल्या.

एक, फडावरून आलेली मुलगी. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण 40 गुणांच्या विज्ञानाच्या पेपरात तिने अर्धाच पेपर लिहिला. दीड महिना हातात पेन नव्हतं. बोट दुखलं, अक्षर फुटलं, वेळ संपला. आठवण आणि लिखाण ही दोन वेगळी कामं आहेत, हे मी तोवर धरलंच नव्हतं. आजपासून ती घड्याळ लावून रोज दोन पानं लिहिणार, बाकी चिठ्ठ्या कमी. घरी चिठ्ठ्या देणार असाल तर सोबत एक वहीही द्या आणि रोजची चार उत्तरं लिहूनच घ्या.

दोन, जागरण. बीजगणिताच्या आदल्या रात्री दोघे दीडपर्यंत बसले. एकाला पेपरात डुलकी लागली. दुसऱ्याने चुकांच्या वहीतल्या तीन चुका जशाच्या तशा केल्या. साडेदहाला दिवा बंद, हे प्रत्येक घरी आजीला सांगून आले. आज्या या बाबतीत कडक असतात, त्यांच्यावर सोपवलेलं बरं.

तीन, वेळेचा हिशोब. 40 गुण, 2 तास, म्हणजे गुणाला 3 मिनिटं. 2023 पासून आधी पेपर वाचायला मिळणारी 10 मिनिटं बंद होऊन ती शेवटी जोडली गेलीत. बीजगणितात पहिला प्रश्न 8 गुणांचा, एकेक गुणाचे आठ तुकडे. त्यावर काहींनी पाऊण तास घालवला, समास आखून आणि शीर्षकं दोन रंगांत लिहून. चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन सोडवायची असतात, एकाने तिन्ही सोडवली आणि पाचवा प्रश्न राहिला. त्याला तिन्ही येत होती, म्हणून त्याचं जास्त वाईट वाटलं.

2 फेब्रुवारी

दर रविवारी सकाळी 11 ला पूर्ण पेपर, खरी वेळ, खरी बैठक, पाणी प्यायलाही उठायचं नाही. समासात पेन्सिलने वेळ लिहायची: पहिला प्रश्न 11:20 ला संपला पाहिजे, दुसरा 12 च्या आत. अडलेल्या गणितावर चार मिनिटं झाली की जागा सोडून पुढे. ही सवय सगळ्यात अवघड गेली. हुशार मुलांना जास्त, त्यांना सोडून पुढे जाणं कमीपणाचं वाटतं.

तपासणी त्याच संध्याकाळी. पहिल्या दोन पेपरांना तपासायला आठवडा लागला होता, तोवर मुलांना आपण काय विचार केला होता तेच आठवेना. आता एकमेकांचे पेपर उत्तरपत्रिका समोर ठेवून तेच तपासतात, मी फक्त वादाचे बघते. दुसऱ्याच्या पेपरात पायरी गाळलेली दिसली की स्वतःच्याही दिसायला लागते.

20 फेब्रुवारी

उद्या मराठीचा पेपर. केंद्र 14 किलोमीटरवर, साडेदहाला हजर व्हायचं, म्हणून जीप 9 ला. नऊ पेपरांसाठी माणशी 40 रुपये रोजचे, 3,960 होतात. ते गावाने वर्गणीतून भरले. आज नवीन काही नाही, फक्त पहिलं खोकं. हॉलतिकीट, दोन पेनं, पट्टी, पाण्याची बाटली आताच पिशवीत भरून घेतली.

5 मार्च

बीजगणित. सगळ्यांनी पूर्ण पेपर लिहिला. परतताना जीपमध्ये उत्तरं जुळवायची नाहीत, असं ठरलं होतं. इंग्रजीच्या दिवशी ते केलं आणि दोघी रडत घरी गेल्या, हिंदीचा अभ्यास त्या रात्री झाला नाही. आज दारातच भूमितीचा चुकांचा गठ्ठा हातात दिला.

15 मार्च

काल धुळवड. मुलं दुपारी खेळली, संध्याकाळी पाचला बसली. इतिहासाच्या चिठ्ठ्या तिसऱ्या खोक्यातच होत्या, दोन तासांत फिरून झाल्या. सोमवारी भूगोल, मग संपलं.

13 मे

दुपारी एकला निकाल लागला. राज्याचा 94.10 टक्के, आमचे अकरापैकी दहा. सर्वांत जास्त 84.60. फडावरून आलेल्या मुलीला 61.40, विज्ञानात तिला गणितापेक्षा पुष्कळ जास्त. ती अजून लिहिण्यात मागे आहे, पण अकरावीला जाणार. आईने कारखान्याहून परतल्यावर पहिल्यांदा शाळेत पाऊल टाकलं, तेही गुणपत्रिका कधी मिळते ते विचारायला.

शेळ्या सांभाळणारा मुलगा इंग्रजीत गेला. त्याचं कारण वहीत स्पष्ट दिसतं. इंग्रजीला आम्ही आठवड्यातून एकच दिवस दिला, आणि त्यातही शब्दार्थाच्या चिठ्ठ्याच केल्या. पेपरात उतारा वाचून उत्तरं लिहायची असतात, पत्र, सारांश, संवाद लिहायचे असतात. सुटे शब्द येऊन त्यातलं काहीच होत नाही. बाकीचे तरले ते शाळेतल्या बाईंच्या जिवावर, आमच्यामुळे नाही. एका विषयात राहिल्याने त्याला अकरावीला प्रवेश मिळू शकतो, पण त्याला आधी पुरवणी परीक्षा द्यायचीय.

1 जून

त्याच्याबरोबर रोज सकाळी पाऊण तास. एक उतारा, मग पुस्तक मिटून त्यातलं जे कळलं ते चार साध्या वाक्यांत इंग्रजीत. सुरुवातीला दोन वाक्यं व्हायची, त्यांतही क्रियापद नसायचं. आता पाच होतात. पत्राचे तीनच प्रकार धरलेत, ते रोज एक, घड्याळ लावून. शेळ्या सोडायच्या आधी हे होतं.

वर्षाचा खर्च: सुरुवातीचे 1,930, झेरॉक्स 2,640, चुकांच्या वह्या 275, पेनं 220, रबर आणि डिंक 60. एकूण 5,125, जीप वेगळी. झेरॉक्समध्ये हजारेक रुपये तरी वाया गेले, अपेक्षित प्रश्नसंचांच्या प्रती काढल्या आणि त्या कुणी उघडल्या नाहीत. जुने बोर्डाचे पेपर पुरले.

पुढच्या बॅचला नऊ जण आहेत. आईवडिलांची बैठक यंदा 20 जुलैला ठेवलीय, मुकादम उचल वाटायला यायच्या आधी. इंग्रजीला आठवड्यातून तीन दिवस. चिठ्ठ्या जुन्या मुलांच्या तयार आहेत, पण त्या द्यायच्या नाहीत असं ठरवलंय. चिठ्ठी कापताना आणि एक गोष्ट निवडताना निम्मा अभ्यास होतो, तो त्यांचा त्यांनी करावा. लग्नसराईतल्या पत्रिका गोळा करून ठेवल्यात.